होल्स्टर 45 अंशांत तिरका करा म्हणणाऱ्यांना

गेल्या रविवारी दाजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. नाशिकच्या सराफ बाजारात त्यांची पेढी आहे, जवळ परवान्याचं .32 रिव्हॉल्व्हर आहे. तो मेसेज त्यांना एकाच दिवशी तीन ग्रुपवर आला होता. वर लिहिलेलं, 'परवानाधारक बांधवांनो, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही.' खाली पाच सल्ले. होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं हत्याराचं म्यान, 45 अंशांत तिरका लावा, हत्यार झटकन निघतं. गाडी चालवताना तो डाव्या कमरेला, मूठ उजव्या हाताकडे करून लावा. लपवायचं तर पाठीच्या मधोमध, कोणाला पत्ता लागत नाही. हत्यार आत धरून ठेवणारी वरची पट्टी कापून टाका, ती उघडण्यात वेळ जातो. आणि सिंहस्थाच्या गर्दीतही हत्यार जवळ ठेवा, तो तुमचा हक्क आहे.

दाजींनी वाचून सोडून दिलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्यांनी पट्टी कापली होती.

मी 31 वर्षं पोलीस दलात काढली, त्यातली बरीचशी शस्त्रागारात. ज्याने कोणी हा मेसेज लिहिलाय, त्याने होल्स्टर लावून एक अख्खा दिवस काढलेला नाही, हे मी खात्रीने सांगतो.

पहिल्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. पँटच्या बाजूच्या शिवणीवर मूठ आवळून ठेवा आणि चार बोटं मागे सरकवा. मनगट वळायला लागतं. म्हणून हत्यार कमरेच्या मागच्या अंगाला असेल तर त्याची मूठ थोडी पुढे झुकलेली आणि नळीचं टोक मागे, असा कल बरा पडतो. मनगट सरळ राहतं, मूठ शर्टातून मागे टोचून दिसत नाही. अमेरिकेत एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा कल हाच, साधारण 15 अंशांचा. पण हत्यार शिवणीवरच असेल तर उभा होल्स्टरच हाताला सरळ येतो. कोन जागेप्रमाणे ठरतो, 45 चा आकडा कुठून आणला?

मी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला. दुपारी पेढीचं शटर अर्धं ओढलं, रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरं बोटाने तपासली, काडतुसं तिजोरीत ठेवली. मग दाजींना गादीवर मांडी घालून बसवलं. होल्स्टर अगदी उभा असताना नळीचं टोक गादीत रुतलं आणि मूठ वर बरगडीत घुसली. 15 अंशांवर दोन्ही सुटलं. दाजींना दिवसभर गादीवर बसायचं असतं, त्यांच्यासाठी एवढा कल योग्यच आहे. 45 वर नेला तर नळी मागून शर्ट उचलायला लागली आणि तिचं तोंड जमिनीकडे न राहता मागे उभ्या असलेल्या नोकराच्या पोटऱ्यांकडे वळलं. शिवाय एवढ्या तिरक्या होल्स्टरमध्ये हत्यार स्वतःच्या वजनाने आत बसत नाही, सगळा भार वरच्या पट्टीवर येतो. आणि तीच पट्टी कापायला सांगतात! दाजी बसल्या जागी दोनदा पुढे वाकले, दुसऱ्या वेळी रिव्हॉल्व्हर अर्धं बाहेर आलं होतं. भरलेलं असतं आणि खाली पडलं असतं तर? पट्टीचं टिचबटण अंगठ्याने उघडतं, मूठ पकडता पकडताच. थोडा सराव केला की त्यात वेळ जात नाही.

आता गाडीचा सल्ला. माझा खरा संताप याच्यावर आहे. हा अमेरिकेतून जसाच्या तसा उचललाय, आणि उचलणाऱ्याने आपली गाडी डोळ्यांसमोरसुद्धा आणलेली नाही. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. सीटबेल्टचं कुलूप त्याच्या उजव्या कमरेशी येतं, तिथलं हत्यार अडतं, म्हणून काही जण ते डाव्या कमरेला लावतात. तिथे त्यांच्या डाव्या हाताला दार असतं, नळी दाराकडे राहते. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. बेल्टचं कुलूप डाव्या कमरेशी, म्हणजे होल्स्टर नेमका त्याच्यावर आदळतो. आणि डाव्या हाताला दार नसतं, माणूस असतं.

दाजींच्या डाव्या हाताला माझी ताई बसते. दर गुरुवारी दोघं सिन्नरला जातात. म्हणजे जाताना-येताना सगळा वेळ नळी ताईच्या मांडीच्या दिशेला, आणि हत्यार काढायची वेळ आलीच तर ते पुढे येईस्तोवर तिच्यावरूनच फिरणार. हे मी दाजींना गाडीत बसवून दाखवलं. रिकामं रिव्हॉल्व्हरसुद्धा नको म्हणून हातात टॉर्च दिला. टॉर्चचा उजेड ताईच्या गुडघ्यावरून पोटावर आणि मग काचेवर गेला. ताई काही बोलली नाही, उतरून घरात गेली. दाजी बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते.

पाठीच्या मधोमध लावण्याचं सांगायचं तर दाजींना ते लोडाला टेकल्याबरोबर कळलं. त्यांना कंबरदुखी आहे. पण दुखणं हा त्यातला लहान भाग. पावसात दुचाकी घसरून माणूस पाठीवर पडला तर रस्ता आणि मणका यांच्यामध्ये लोखंड येतं. खुर्चीत बसलं की तिथवर हात पोचत नाही. उभ्याने काढायचं तर हात पिरगाळून मागे न्यावा लागतो आणि नळी स्वतःच्याच कमरेवरून फिरते. आणि 'कोणाला पत्ता लागत नाही' म्हणे! खालच्या कप्प्यातला ट्रे काढायला वाकलं की शर्ट वर जातो, मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला मूठ दिसते. दिसत नाही फक्त तुम्हाला.

सिंहस्थाबद्दल वाद घालायचं कारणच नाही, स्वतःचा परवाना उघडा. त्यावरच्या अटींत लिहिलेलं असतं की खास परवानगीशिवाय हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा सार्वजनिक जमावात न्यायचं नाही, शैक्षणिक संस्थेच्या आवारातही नाही. अट मोडली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावरची गर्दी जत्रेत मोडत नसेल तर मग काय मोडेल? 2003 च्या सिंहस्थात 27 ऑगस्टला याच शहरात चेंगराचेंगरीत 39 जीव गेले. तशा रेट्यात कमरेला भरलेलं हत्यार, वर पट्टी नाही, अंगावर माणसं कोसळतायत. हा सल्ला देणाऱ्याला नाशिककरांची काही काळजी नाही.

अजून एक गोष्ट, मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. दाजींच्या होल्स्टरचं चामडं जुनं होऊन मऊ पडलंय. रिव्हॉल्व्हर परत आत घालताना त्याची कड दुमडून चापाच्या कडीत शिरते. तिथे दाब आला की गोळी सुटते, मग कोन 15 चा असो की 45 चा. होल्स्टर निवडताना आधी हे बघा: चाप पूर्ण झाकलेला आहे का आणि तोंड ताठ राहतंय का. परत घालताना बोट चापाबाहेर, नजर होल्स्टरवर, सावकाश.

जुना होल्स्टर मी घरी आणलाय, तो आता कोणी वापरायचा नाही. नव्याचं माप भद्रकालीतल्या एका कारागिराला दिलंय: जाड चामडं, 15 अंशांचा कल, उजवी बाजू, टिचबटणाची पट्टी. शिवून यायला आठवडा लागेल. तोवर रिव्हॉल्व्हर तिजोरीत राहणार आहे, आणि तिजोरीची किल्ली दाजींनी स्वतःहून ताईकडे दिली.