‘डॅश-टी लावा, झालं’ म्हणणाऱ्या वाचकभाऊंना उत्तर

भाऊ, ‘बॅशआरसीत, म्हणजे आदेश चालवणारा बॅश हा शेल सुरू होताना वाचतो त्या फाइलीत, समोर माणूस नसेल तर काही न छापता परतायची अट घाला’ या माझ्या लेखावरची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही लिहिता: “एवढं पुराण कशाला? एसएसएचला डॅश-टी लावा, झालं. खेड्यात बसून सर्व्हर शिकवणाऱ्यांनी आधी मॅन्युअल वाचावं. डेबियनच्या बॅशआरसीत ही अट असतेच, झेडशेलचा उल्लेख नाही, स्क्रीनशॉटही दिसत नाही.” (नवख्यांसाठी: एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर आदेश चालवायचं साधन, डॅश-टी म्हणजे त्याच्याकडे टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी, मागणारा पर्याय. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार, झेडशेल हा बॅशऐवजी वापरतात तो दुसरा शेल.)

स्क्रीनशॉट मोबाइलवर बारीक दिसतो, मान्य. बदलतो.

आता खेड्याचं. हो, मी पांढरकवड्याकडचा. इथल्या एका जिनिंगात कापसाच्या गाड्या काट्यावर मोजल्या की त्या नोंदी रात्री क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्राम, सर्व्हरवर चढवतो. ते मी बसवलं, लाइन गेली की इन्व्हर्टरवर मीच जागलो. मॅन्युअल वाचल्याशिवाय झालं का ते? कापूस पिकतो तिथे टर्मिनल उघडत नाही, असं कोणत्या पानावर लिहिलंय तेवढं सांगा. मुद्दा मांडायचा तर मांडा ना, गाव कशाला काढता?

आणि तुमची ती डॅश-टी! क्रॉनजवळ टर्मिनल नसतं. एक टी लावली तर एसएसएच कुरकुर करून टर्मिनल न देताच पुढे जातं. दोन लावल्या तर जबरदस्तीने मिळतं, पण मग आउटपुट आणि एरर एकत्र येतात, न्यूलाइनला कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परतायचं अदृश्य चिन्ह) चिकटतो. त्यातून झिप केलेली टार (अनेक फाइली एकत्र बांधलेली फाइल) ओढा अन् मग उघडून दाखवा.

आमच्या सर्व्हरच्या बॅशआरसीत कोणीतरी ‘वेलकम’ छापणारा एको आदेश घातला होता. एसएसएचवरून फाइली नेणारं एसएफटीपी म्हणे, “रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५”, म्हणजे आलेला संदेश फार लांब. एवढा मोठा आकडा आला कुठून? इंग्रजी ‘वेलकम’ची पहिली चार अक्षरं, म्हणजे मोठा डब्ल्यू, मग ई, एल, सी, त्यांचे चार बाइट त्याने पॅकेटची लांबी म्हणून वाचले. इथे टी लावून काय दिवे लावणार, साहेब? एसएसएचने नुसता आदेश पाठवला तरी बॅश ती फाइल वाचतो, म्हणून इलाज फाइलीतच: सुरुवातीलाच डॉलर-डॅशमध्ये, म्हणजे शेल कसा चालू आहे ते सांगणाऱ्या अक्षरांत, ‘आय’ (इंटरॅक्टिव्ह, समोर माणूस) आहे का बघायचं, नसेल तर रिटर्न. टर्मिनलची मांडणी बदलणाऱ्या एसटीटीवाय आदेशाची, टर्मिनल नसताना येणारी ‘इनअप्रोप्रिएट आयऑक्टल’वाली तक्रारही तिथेच थांबते.

डेबियनचं म्हणाल तर असेल अट, आमची फाइल डेबियनची नव्हती. झेडशेलवर तुम्हीच लिहा, मी वाचीन.

तोवर एक करा. तुमच्या सर्व्हरवर एसएसएचने फक्त ‘ट्रू’ (स्वतः काहीच न छापणारा आदेश) चालवून आउटपुट फाइलीत घ्या. फाइल शून्य बाइटची निघाली नाही तर इथेच कळवा, आणि यावेळी ‘अनामिक’ नको, नावानिशी.