रॅक सर्व्हरवर लिनक्स ‘अर्ध्या तासात’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

“रॅक सर्व्हर म्हणजे आडवा ठेवलेला पीसी. पेनड्राइव्ह लावा, बूट मोड लेगसी ठेवा, सगळीकडे ‘नेक्स्ट’ दाबा. कुठलीही आवृत्ती चालते. रेड ५ केले की बॅकअप लागत नाही. सेलिनक्स बंद करा. अर्ध्या तासात काम होते आणि काही चुकलेच तर नंतर बदलता येते.” रॅक सर्व्हरवर, म्हणजे डेटा सेंटरच्या कपाटात बसवायच्या संगणकावर, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवण्याबद्दल अशा आशयाचा मजकूर नव्याने सर्व्हर हाताळणाऱ्यांमध्ये वरचेवर फिरत असतो. त्यातले पहिले वाक्य अगदीच निराधार नाही. डेल, एचपीई किंवा सुपरमायक्रोचे बहुतेक सर्व्हर डेस्कटॉपसारख्याच एक्स८६ प्रोसेसर घडणीचे असतात आणि डेबियन या लिनक्स आवृत्तीची जी आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत) डेस्कटॉपवर चालते तीच त्यांवरही चालते. खरा घोळ शेवटच्या वाक्यात आहे. इन्स्टॉलेशनच्या वेळचे काही निर्णय डेटा अन्यत्र हलवून डिस्क पुसल्याशिवाय बदलता येत नाहीत, आणि ‘नेक्स्ट’ दाबत गेल्यास नेमके तेच निर्णय न पाहता घेतले जातात.

पेनड्राइव्हने काम होते, हे मान्य. पण सर्व्हर नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि आपण पुण्यात असू, तर त्याचा उपयोग नाही. यासाठीच सर्व्हरच्या मदरबोर्डवर देखरेखीची एक स्वतंत्र चिप असते. डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ. मुख्य यंत्र बंद असतानाही ती चालू राहते, ब्राउझरमधून स्क्रीन दाखवते आणि आपल्याकडची आयएसओ फाइल सर्व्हरला डीव्हीडीसारखी जोडून देते. (दूरस्थ स्क्रीनसाठी अनेकदा वेगळा परवाना घ्यावा लागतो; जुना सर्व्हर विकत घेण्यापूर्वी हे अवश्य विचारावे.) मात्र या चिपचे नेटवर्क पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे धोक्याचे आहे. जुन्या आयड्रॅकचे ‘रूट’ हे मूळ लॉगिन नाव आणि ‘कॅल्व्हिन’ हा मूळ पासवर्ड जगजाहीर आहे. शिवाय अशा चिपशी बोलण्याच्या आयपीएमआय २.० या प्रोटोकॉलमध्ये लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डपासून बनलेला हॅश (सांकेतिक ठसा) समोरच्याला मिळू शकतो. हा दोष मूळ आराखड्यातलाच असल्यामुळे तो पॅचने जात नाही. म्हणून या पोर्टाला स्वतंत्र, बंदिस्त नेटवर्क द्यावे.

‘कुठलीही आवृत्ती चालते’ हे विधान सर्वांत महागात पडते, विशेषतः जुन्या सर्व्हरवर काम भागवणाऱ्या छोट्या कंपन्यांना आणि महाविद्यालयांना. २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एक्स८६-६४-व्ही३ पातळीचा, म्हणजे एव्हीएक्स२ सूचना समजणारा प्रोसेसर लागतो. डेल आर७२० मधील झिऑन ई५-२६०० मालिकेच्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये ती क्षमता नाही, त्यामुळे तिथे ही आवृत्ती चालणारच नाही. रेड हॅटशी सुसंगत असलेल्या अल्मालिनक्स १० ने मात्र अशा यंत्रांसाठी व्ही२ पातळीची वेगळी बांधणी उपलब्ध ठेवली आहे. दुसरा अडथळा डिस्क कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क जोडणाऱ्या कार्डाचा. रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून अनेक जुन्या कार्डांचा आधार काढून टाकला. डेलचे पर्क एच२०० कार्ड ज्या एसएएस२००८ चिपवर चालते, तीही त्यांत आहे. अशा सर्व्हरवर इन्स्टॉलर नीट सुरू होतो, पण एकही डिस्क दाखवत नाही, आणि डिस्क बिघडल्या असे समजून माणूस नव्या मागवतो. वास्तविक जादा ड्रायव्हर पुरवणाऱ्या एलरेपो प्रकल्पाची ड्रायव्हर डिस्क सुरुवातीलाच दिली की त्या दिसू लागतात. यावर उपाय म्हणून रेड हॅट परिवारातली जुनी सेंटओएस ७ चढवण्याचा मोह होतो, पण तिची सुरक्षा अद्यतने ३० जून २०२४ रोजी थांबली आहेत.

लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीच्या, बूट मोडबद्दल फार लिहायला नको. ५१२ बाइटच्या सेक्टरवर त्याच्यासोबतची जुनी एमबीआर विभागणी (डिस्कचे भाग नोंदवण्याची पद्धत) २ टेबीबाइटच्या पलीकडची जागा दाखवू शकत नाही आणि पुढे यूईएफआय या नव्या बूट पद्धतीकडे वळायचे तर बूट विभाग नव्याने आखावा लागतो. लिनक्सची प्रमुख वितरणे (डेबियन, उबुंटूसारख्या आवृत्त्या) आता सेक्युअर बूटसहही, म्हणजे फक्त सही तपासलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीसहही, चालतात.

डिस्कच्या विभागणीच्या पडद्यावर मात्र थांबलेच पाहिजे. रेड हॅट परिवारातला अ‍ॅनाकोंडा इन्स्टॉलर, आपण काही न सांगितल्यास, ‘रूट’ला (सिस्टिमच्या मूळ विभागाला) जास्तीत जास्त ७० गिबीबाइट देतो आणि मोठ्या डिस्कवरची उरलेली बहुतेक जागा ‘होम’ला (वापरकर्त्यांच्या फाइलींच्या विभागाला) देऊन टाकतो. वैयक्तिक संगणकावर ते ठीक आहे. सर्व्हरवर मारियाडीबी या डेटाबेसचा डेटा आणि लॉग (नोंदी) ‘व्हार’ फोल्डरमध्ये, म्हणजे ‘रूट’च्याच वाट्यात साठतात आणि ‘होम’ रिकामे राहते. काही महिन्यांनी ‘रूट’ भरते, तेव्हा ‘होम’ची जागा काढून घेऊ म्हटले तर तेथील एक्सएफएस फाइल सिस्टिम वाढवता येते, लहान करता येत नाही. ‘होम’ पुसूनच वाट काढावी लागते. उबुंटू सर्व्हरचा डीफॉल्ट उलट आहे: मोठ्या डिस्कवरही तो साधारण १०० गिबीबाइटचाच भाग वापरतो आणि बाकी जागा एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणाऱ्या सोयीत) मोकळी सोडतो. डिस्क ‘गायब’ झाल्याची तक्रार यातूनच येते, पण ती मोकळी जागा चालू यंत्रावर हवी तेव्हा जोडता येते. माझ्या मते हाच डीफॉल्ट शहाणपणाचा आहे. ‘व्हार’ वेगळे ठेवावे आणि काही जागा कोणालाच देऊ नये.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत; त्यातले रेड ५ एका डिस्कचे निकामी होणे सोसते. चुकून पुसलेली फाइल किंवा रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेला डेटा ते परत देत नाही, उलट तो बदल तत्काळ सर्व डिस्कवर लिहिते. म्हणून बॅकअप वेगळाच हवा. मोठ्या डिस्कची पुनर्बांधणी तासन्‌तास चालते आणि तेवढ्या काळात दुसरी डिस्क गेली तर सगळेच जाते. ऑपरेटिंग सिस्टिम दोन लहान डिस्कवर रेड १ मध्ये (दोन्हींवर तीच प्रत) आणि डेटा रेड ६ किंवा १० वर ठेवणे अधिक सुरक्षित. सॉफ्टवेअर रेड केल्यास यूईएफआयचा बूट विभाग सहसा आरशात येत नाही, तेव्हा सेवा सुरू करण्याआधी पहिली डिस्क काढून यंत्र दुसरीवर उठते का, हे पाहावे.

सेलिनक्स ही फाइलींवरच्या लेबलांवरून प्रोग्रॅमना मर्यादा घालणारी सुरक्षा यंत्रणा आहे. ती पूर्ण बंद केली की त्या काळात बनलेल्या फाइलींना लेबल लागत नाही आणि पुढे ती चालू करताना संपूर्ण डिस्कचे लेबल नव्याने लावावे लागते. अडचण आलीच तर ‘परमिसिव्ह’ (न अडवता फक्त नोंद करणाऱ्या स्थितीत) ठेवून लॉग वाचावा. बहुतेक वेळा वेबसाइटचे फोल्डर नेहमीच्या जागेबाहेर असते, एवढेच कारण निघते.

राहिला अर्धा तास. भरपूर मेमरी असलेला सर्व्हर प्रत्येक रीबूटला मेमरी व कार्डांच्या तपासणीतच काही मिनिटे घालवतो, त्यात फर्मवेअरची अद्यतने वेगळी. तरीही अर्ध्या तासात सर्व्हर उभे करणारे लोक आहेत. त्यांनी वरचे सारे निर्णय आधीच रेड हॅटच्या किकस्टार्ट किंवा उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉल फाइलीत (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची तयार उत्तरे) लिहून ठेवलेले असतात. अ‍ॅनाकोंडाने केलेल्या प्रत्येक इन्स्टॉलेशननंतर अशी किकस्टार्ट फाइल रूट (प्रशासक) वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये आपोआप तयार मिळते. पुढच्या यंत्रासाठी ती वापरावी, फक्त तिच्यात रूट पासवर्डचा हॅश असू शकतो, तो काढल्याशिवाय ती कोणाला पाठवू नये.