विकतची गळती

आमच्या न्हाणीघरातला नळ गेले सहा महिने गळतोय. रात्री सगळीकडे निजानीज झाली की त्याची टप्... टप्... ऐकू येते आणि आई भिंतीकडे बघत म्हणते, "या घरात दोन पुरुष राहतात म्हणे." नळाला वायसर बसवायला मला सवड नव्हती. कारण त्या दिवसांत मी आपणहून, हौसेने आणि पदरचे पैसे मोजून कॉम्प्युटरच्या पोटात पाणी खेळवत होतो.

बाबांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला.

"कॉम्प्युटरमध्ये पाणी? कोणी सांडलं?"

"सांडलं नाही बाबा, भरायचंय."

मग मी शास्त्र काढलं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जोरात असले की चार-पाचशे वॅट उष्णता सहज ओकतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजारांहून जास्त पट उष्णता उचलतं. चिपवर घट्ट बसवलेल्या तांब्याच्या पोकळ ठोकळ्यातून, म्हणजे ब्लॉकमधून जाताना ते ताप घेतं, रेडिएटरमध्ये येतं आणि तिथले तीन पंखे त्याला गार करतात.

"म्हणजे शेवटी पंखेच," असं म्हणून बाबांनी पेपर पुन्हा उचलला.

१९८५ सालच्या क्रे-२ महासंगणकाचे सर्किट बोर्ड तर चक्क द्रवात बुडवलेले असायचे, हेही मी ऐकवलं. तो द्रव फ्लुओरिनर्ट होता आणि त्यातून वीज वाहत नाही, एवढं फक्त गाळलं. वादात सगळे पत्ते उघडे करायचे नसतात.

बाबांना खरा रस वाटला तो नळी जोडायचं फिटिंग हातात घेतल्यावर. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते उजेडात फिरवलं. "अरे, हे तर नळाचे आटे!" आणि ते बरोबर होतं. जगभरातल्या वॉटर कूलिंगवाल्यांनी ज्याला जी-वन-बाय-फोर म्हणून डोक्यावर घेतलंय, तो पाइपांचा जुना ब्रिटिश आटा आहे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, पण पट्टी लावली तर आट्याचा बाहेरचा व्यास १३ मिलिमीटरच्या वर भरतो. नाव पडलंय ते पाइपाच्या आतल्या भोकावरून. बाबा लगेच आत जाऊन टेफ्लॉन टेप घेऊन आले.

"टेप नको, बाबा. हे आटे सरळ असतात. पाणी अडवते ती खालची ओ-रिंग, ही रबरी कडी."

"चार वेढे दिले तर तुझं काय जातं?"

जातं म्हणजे, टेपचा तुकडा सुटून ब्लॉकमधल्या केसाएवढ्या फटींत अडकतो आणि पाणी तुंबतं. हे मी समजावेपर्यंत त्यांनी एका फिटिंगला तीन वेढे दिलेही होते.

माझ्या लूपमध्ये, म्हणजे पाणी गोल फिरतं त्या बंद वाटेत, वस्तू चारच: पंप-टाकी, प्रोसेसरचा ब्लॉक, ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक आणि रेडिएटर. त्यांना जोडणाऱ्या नळ्याही चार. पण प्रत्येक नळीला दोन टोकं, प्रत्येक टोकाला फिटिंग, प्रत्येक फिटिंगला आट्याकडची एक ओ-रिंग आणि नळीकडची निदान एक. शिवाय कोपऱ्यात वळणारी फिटिंग, बुचं आणि पाणी काढायची तोटी. गळण्याच्या वीसेक जागा मी स्वतःच्या हाताने तयार केल्या होत्या. न्हाणीघरातल्या नळाला बिचाऱ्याला एकच होती.

पहिल्यांदा पाणी भरताना फक्त पंप चालवायचा, बाकी सगळं बंद, असा नियम आहे. त्यासाठी पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर कागदाच्या क्लिपने जोडायची, म्हणजे मदरबोर्डला न विचारताच पॉवर सप्लाय सुरू होतो. मी क्लिप वाकवत असताना आई दारात आली, हिरवी वायर, काळी वायर आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली यांच्याकडे क्रमाने बघितलं आणि मेन स्विच कुठे आहे ते मला पुन्हा एकदा दाखवून गेली.

प्रत्येक सांध्याखाली टिश्यूच्या घड्या ठेवल्या. २४ तास कोरडं राहिलं की आपण जिंकलो.

चाळिसाव्या मिनिटाला ग्राफिक्स कार्डाखालची घडी ओली झाली.

आता, पाणी हा अत्यंत लबाड साक्षीदार आहे. ते गळतं एकीकडे, नळीच्या पोटाखालून गुपचूप सरपटत जातं आणि सगळ्यात खालच्या, सगळ्यात निरपराध सांध्यावर थेंब होऊन लटकतं. मला हे माहीत होतं. तरी मी पक्कड घेतली आणि त्या निरपराध सांध्याचा गळा आवळला. फिटिंग हाताने बसेल तेवढंच बसवायचं असतं. पकडीने आवळलं की ओ-रिंग चेपून खाचेबाहेर येते. ती आली. आतापर्यंत गळत नव्हता तो सांधाही गळू लागला.

"आता तरी टेप लावू का?" बाबांनी विचारलं.

सगळं पाणी काढलं. कार्ड उतरवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि दोन दिवस वाळत ठेवलं. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, हे खरं. पण शुद्ध पाणी फार वेळ शुद्ध राहत नाही. तांब्या-पितळेतून चार चकरा मारल्या की त्यात क्षार उतरतात. (संगतीचा परिणाम.) कार्ड वाचलं ते बंद होतं म्हणून.

मग शहाणपण सुचलं आणि मी हवेचा टेस्टर आणला. छोटा हातपंप, त्यावर काट्याची तबकडी. रिकाम्या लूपमध्ये अर्धा बार दाब भरायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर लूप घट्ट. थेंब नाही, भीती नाही. मला आधी हे का सुचलं नाही, असं आईने विचारलं. उत्तर नव्हतं.

काटा हलत होता. सुरुवातीला जरा उतरतोच, भरताना तापलेली हवा निवते म्हणून. पण हा थांबायला तयार नव्हता. मी लूप अर्ध्यात तोडला, मोकळ्या तोंडांना बुचं मारली आणि वरचा अर्धा तपासला. काटा खाली. खालचा अर्धा तपासला. काटा खाली. रेडिएटर एकटा लावला. काटा खाली! रात्री दीड वाजता मी टेस्टरच्या तोंडाशी बुच लावून नुसता टेस्टरच तपासला. काटा खाली. चोर पकडायला आणलेला हवालदारच खिसे कापत होता. त्याच्या नळीची चकती मी नीट फिरवलीच नव्हती.

ती आवळल्यावर मात्र तपास झरझर पुढे सरकला. वरचा अर्धा निर्दोष, खालच्या अर्ध्यात गडबड आणि त्यातही प्रोसेसरकडून कार्डकडे उतरणाऱ्या नळीचं वरचं टोक. फिटिंग उघडून ओ-रिंग बोटावर घेतली तर दिसायला धडधाकट. बाबांनी त्यांचं पेपर वाचायचं भिंग आणलं, मी टॉर्च धरला. रिंगच्या आतल्या कडेला एक कापा होता, कापलेल्या नखाच्या टोकाएवढा. नळी करवतीने कापल्यावर तिच्या धारदार कडेला कानस मारून उतार द्यायचा असतो. सात टोकांना दिला होता. आठव्याच्या वेळी कंटाळा आला होता, हे मला स्वच्छ आठवलं. बाबांनी भिंगातून ओ-रिंगकडे बघितलं, मग त्याच भिंगातून माझ्याकडे.

नवी रिंग घातली, पकडीने चेपलेलीही बदलली, कडा घासली. अर्ध्या तासात काटा जागचा हलला नाही. पुन्हा पाणी, पुन्हा घड्या. या वेळी बाबांनी जुन्या डायरीत नोंदच उघडली: "सकाळी ७, कोरडे. दुपारी १२, कोरडे." दुपारी ४ वाजता मात्र टाकीतली पातळी मार्करच्या खुणेच्या बोटभर खाली होती आणि माझे हातपाय गार पडले. पाणी गेलं कुठे? कुठेच नाही. रेडिएटरमध्ये दडलेले बुडबुडे हळूहळू टाकीत आले आणि त्यांची जागा पाण्याने घेतली. सगळ्या घड्या कोरड्याच होत्या. बाबांनी डायरीत लिहिलं, "पातळी कमी. कारण हवा (मुलाच्या म्हणण्यानुसार)."

२४ तास झाले. क्लिप काढली, कॉम्प्युटर सुरू केला, तापमान छान उतरलं. त्याच रात्री अडीच वाजता मला ऐकू आलं. टप्.

मी उडालोच. अंधारात ठेचकाळत टॉर्च शोधला, केसचं झाकण काढलं, सांध्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. कोरडं. सगळं कोरडं. आणि पुन्हा टप्.

"नळ आहे तो," आतून बाबांचा आवाज आला. "झोप."

न्हाणीघरात गेलो. हातात टिश्यूची घडी होतीच, ती सवयीने नळाखाली ठेवली आणि थांबलो. थेंब पडला, घडीवर ओला डाग पसरत गेला. तो पुरता पसरेपर्यंत नीट बघितला आणि फार दिवसांनी निवांत झोपायला गेलो.