स्टालिनचा हुकूम म्हणे!

काल रात्री भाचीचा फोन आला. माहितीपटावरच्या प्रकल्पासाठी तिने झिगा व्हर्टोव्ह हा जुना सोव्हिएत माहितीपट दिग्दर्शक निवडला होता आणि आता विषयच बदलायला निघाली होती. कारण काय, तर घरच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड. त्यात लिहिलंय, ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ हा स्टालिनच्या हुकमावरून काढलेला प्रचारपट, त्यातली शैली म्हणजे कॅमेऱ्याची चलाखी, आणि व्हर्टोव्ह मरेपर्यंत सरकारचा लाडका.

आधी हुकमाचं बघू. १९२७ च्या सुरुवातीला मॉस्कोच्या ‘सोव्हकिनो’ या सरकारी चित्रसंस्थेने व्हर्टोव्हला कामावरून काढलं. युक्रेनच्या ‘वुफकू’ या चित्रसंस्थेने त्याला घेतलं आणि १९२९ चा हा चित्रपट तिथे झाला. मॉस्कोने ज्याला घालवून दिलं, त्यालाच मॉस्कोने हुकूम सोडला? लिहिणाऱ्याने चित्रपट तरी पाहिलाय का? धावती घोडागाडी मध्येच गोठते. मग नुसती फिल्मची पट्टी दिसते, मग टेबलाशी बसून तुकडे निवडणारी संकलक येलिझावेता स्विलोवा, व्हर्टोव्हची बायको. आणि थोड्या वेळाने चित्र पुन्हा हलायला लागतं. हे कसं शिवलंय ते तो प्रेक्षकाला उसवून दाखवतो. लोकांच्या गळी काही उतरवायचं असेल तर कोण असं करेल?

चलाखीचा आरोप जुनाच आहे. खुद्द आइझेन्स्टाइनने १९२९ मध्येच या चित्रपटाला ‘कॅमेऱ्याचे विनाकारण चाळे’ अशा अर्थाचं हिणवलं होतं. म्हणजे क्रांतीचे चित्रपट काढणाऱ्या नावाजलेल्या दिग्दर्शकालाच त्यात कामाचं काही दिसलं नाही. मग एकदा काय ते ठरवा. विनाकारण चाळे, की वरून आलेला हुकूम?

व्हर्टोव्ह पक्का कम्युनिस्ट होता, हे खरं. १९२६ चा ‘अ सिक्स्थ पार्ट ऑफ द वर्ल्ड’ त्याने सरकारी व्यापार संस्थेसाठी केला आणि १९३७ च्या ‘लल्लाबाय’मध्ये स्टालिनचं कौतुक आहे. ते बघवत नाही, पण आहे. एवढं मात्र मला मान्य करावंच लागतं.

आणि लाडका? लेनिनवरच्या त्याच्या १९३४ च्या चित्रपटाची पुढे १९३८ मध्ये स्टालिनला जागा करून देण्यासाठी काटछाट झाली. १९४४ पासून १९५४ मध्ये मरेपर्यंत तो वृत्तचित्रांच्या रिळांवर काम करत होता. लाडक्याला असं दहा वर्षं कोपऱ्यात बसवतात?