हिरोशिमात म्हणे अजून गवत उगवत नाही!

६ ऑगस्ट जवळ आला की फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. मजकूर साधारण असा, की हिरोशिमाच्या मातीत आजही गवताचं पातं उगवत नाही, अणुबॉम्ब आईनस्टाईनने बनवला, स्वाभिमानी जपानी माणूस तेव्हापासून अमेरिकन वस्तूला हात लावत नाही, आणि तिथे पिढ्यान्पिढ्या अपंग मुलं जन्माला येतायत. खाली हात जोडलेले इमोजी. चारही गोष्टी चूक आहेत, पण सारख्याच चूक नाहीत, एकीवर नुसतं हसता येतं आणि एकीने खऱ्याखुऱ्या माणसांच्या आयुष्याची माती केलीय.

आधी गवत. अहो, हिरोशिमा आज ११ लाखांहून जास्त वस्तीचं शहर आहे! बॉम्ब पडला १९४५ च्या ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला, आणि ९ तारखेला, म्हणजे नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला त्याच दिवशी, हिरोशिमात एका छोट्या टप्प्यावर ट्राम परत सुरू पण झाली होती. त्या वेळच्या ६५१ आणि ६५२ नंबरच्या गाड्या दुरुस्त करून पुढे कित्येक दशकं चालवल्या. होसेनबो नावाच्या देवळातलं गिंको झाड स्फोटापासून साधारण ११०० मीटरवर होतं, देऊळ पार झोपलं, झाडाला मात्र परत पालवी फुटली, आणि पुढे देऊळ नव्याने बांधताना झाड न तोडता पायऱ्याच त्याच्या दोन बाजूंनी काढल्या. अशी दीडशेच्या वर झाडं शहरात पाट्या लावून जपलीयत. कण्हेर लवकर फुलली म्हणून ते शहराचं अधिकृत फूल आहे. आपल्याकडे रस्त्याच्या डिव्हायडरवर असते तीच कण्हेर.

मग ही अफवा आली कुठून? तर अमेरिकेतूनच. ८ ऑगस्ट १९४५ ला हॅरोल्ड जेकबसन नावाच्या केमिस्टचं म्हणणं तिकडच्या पेपरांत छापून आलं की हिरोशिमात ७० वर्षं काही उगवणार नाही. हा माणूस आधी मॅनहॅटन प्रोजेक्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्ब बनवायच्या गुप्त प्रकल्पात, कामाला होता म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. बॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचा प्रमुख ओपेनहायमर याने लगेच खोडून काढलं, एफबीआयवाले जेकबसनकडे चौकशीला गेले, त्याने शब्द मागे घेतले, पण तोवर व्हायचं ते झालं. म्हणजे हा ओरिजिनल व्हायरल फॉरवर्ड, व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचा.

यामागचं सायन्स अवघड नाहीये. बॉम्ब जमिनीवर फुटलाच नाही, साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला. आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही त्यामुळे माती वर ओढली जाऊन किरणोत्सारी होऊन परत तिथेच पडणं हा प्रकार फार झाला नाही. युरेनियम होतं ६४ किलो, त्यातलं एक किलोही फुटलं नाही, आणि जे किरणोत्सारी पदार्थ तयार झाले त्यातले बरेचसे वर ढगाबरोबर गेले. स्फोटातून निघालेल्या न्यूट्रॉन्समुळे माती किरणोत्सारी झाली खरी पण त्यातल्या सोडियम-२४ चं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, १५ तास, मँगनीज-५६ चं अडीच तासांच्या आसपास. लोक याची चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताशी सरमिसळ करतात, तिथे रिॲक्टरमध्ये १९० टनांच्या आसपास इंधन होतं, हिशोबच वेगळा. आणि तिथे सुद्धा गवत उगवतं बरं का, जंगल माजलंय.

म्हणजे किरणोत्सर्ग किरकोळ होता असं अजिबात नाही. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात अंदाजे १ लाख ४० हजार माणसं गेली. पहिल्या दिवसांत नातेवाईक शोधायला शहरात शिरलेल्यांनाही त्रास झाला, आणि स्फोटानंतर पडलेला किरणोत्सारी काळा पाऊस अंगावर घेतलेल्यांपैकी ८४ जणांना बाधित म्हणून मान्यता द्या असं हिरोशिमा हायकोर्टाने सांगायला २०२१ उजाडलं.

अमेरिकन वस्तूंवर फार वेळ घालवत नाही. मॅकडॉनल्ड्स तोक्योत १९७१ पासून आहे, तोक्योजवळचं डिस्नेलँड १९८३ पासून, ख्रिसमसला केएफसीचं चिकन खायची तिथे पद्धत आहे आणि आयफोन तर विचारूच नका. हिरोशिमापासून ४० किलोमीटरच्या आसपास इवाकुनीला अमेरिकन मरीन्सचा तळ आहे. आईनस्टाईनचं म्हणाल तर त्याने १९३९ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट याला अणुबॉम्बबद्दल लिहिलेल्या पत्रावर सही केली, मसुदा मुख्यतः झिलार्ड या शास्त्रज्ञाचा. प्रोजेक्टवर तो नव्हताच, लष्कराने त्याला सिक्युरिटी क्लिअरन्स दिला नव्हता.

आता अपंग मुलांचं. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. बॉम्ब पडला तेव्हा जी बाळं आईच्या पोटात होती त्यांच्यावर परिणाम झाला, विशेषतः ८ ते १५ आठवड्यांच्या गर्भांवर, डोकं लहान राहणं, मतिमंदत्व, हे खरं आहे. स्वतः वाचलेल्यांमध्ये काही वर्षांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, वाढला, नंतर इतर कॅन्सर, हेही खरं. पण नंतर दिवस राहून झालेली मुलं? त्यांचा अभ्यास झालाय. युद्धानंतर जपानमध्ये रेशनिंग होतं, गरोदर बाईने पाचव्या महिन्यात नाव नोंदवलं की जादा रेशन मिळायचं, त्याच नोंदींवरून संशोधकांनी १९४८ ते १९५४ मध्ये दोन्ही शहरांतली ७७ हजारांच्या आसपास बाळं तपासली. जन्मजात व्यंगाचं प्रमाण टक्क्याहून थोडं कमी निघालं, बॉम्बमध्ये सापडलेल्या आणि न सापडलेल्या आईबापांच्या मुलांमध्ये म्हणावा असा फरक नाही. पुढेही त्या मुलांवर लक्ष ठेवणं चालूच आहे.

हे आकडे आले तरी स्थळ बघणाऱ्यांनी ऐकले नाहीत. मुलगी हिरोशिमाची आहे कळलं की ठरत आलेली लग्नं मोडायची, नोकरीला नकार यायचा. १९५७ पासून सरकारने वाचलेल्यांना आरोग्य पासबुक द्यायला सुरुवात केली, त्यावर उपचारांची सोय होती, तरी कितीतरी लोकांनी ते वर्षानुवर्षं घेतलंच नाही. पासबुक घेतलं तर नाव नोंदलं जाणार आणि मुलांची लग्नं व्हायची बाकी होती.