नोटेवर कोण, आणि नोट केवढी

ऑक्टोबर २०२२ मध्ये केजरीवालांनी नोटांवर लक्ष्मी-गणपती छापा म्हटलं आणि लगोलग आमच्या घरच्या ग्रुपवर शिवाजी महाराजांचं चित्र असलेली दोनशेची नोट येऊन पडली. महाराष्ट्रातल्या एका आमदारांनीच ती टाकली होती. काका, मामेभाऊ, वहिनी, सगळे चेहऱ्यावरून भांडले. अशी हुबेहूब नोट बनवून फिरवायला चालते का, हे कुणी विचारलंच नाही.

मला विचारावंसं वाटलं, कारण आदल्याच महिन्यात इथे फ्रँकफुर्टात मी तोंडावर आपटलो होतो. मंडळाच्या दिवाळी मेळ्याच्या पत्रकावर दहा युरोची नोट छापायची होती. ऑफिसच्या कॉपियरवर ठेवली, तर मशीन अडूनच बसलं. नोटेवरची बारीक वर्तुळांची नक्षी त्याला ओळखू येते म्हणे. मग युरोच्या नोटेचं चित्र छापायचे नियम वाचले. एकाच बाजूचं चित्र असेल, तर लांबी-रुंदी दोन्ही खऱ्याच्या ७५ टक्के किंवा त्याहून कमी, नाहीतर १२५ टक्के किंवा त्याहून जास्त. दहाची नोट १२७ मिलिमीटर लांब, म्हणजे मोठं छापायचं तर चित्र किमान १५९. स्क्रीनवर टाकायचं तर तिरकं 'स्पेसिमेन' (नमुना) लिहायचं, रिझोल्यूशन ७२ डीपीआयपर्यंत, म्हणजे इंचाला ७२ ठिपके. मी पट्टी घेऊन बसलो, बायको हसत होती.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं १८२वं कलम आहे. नोटेशी 'कोणत्याही प्रकारे' साम्य असलेला कागद बनवला किंवा वापरला तर दंड, तीनशे रुपयांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत शंभरच होता. (खऱ्या नकली नोटांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, तो मामला वेगळा.) कोणत्याही प्रकारे म्हणजे किती? या शब्दांत जत्रेतली खेळण्यातली नोट येते, निवडणुकीचं पत्रक येतं, लग्नाची विनोदी पत्रिकाही येते. सगळ्यांना धरायचं म्हटलं की कुणालाच धरलं जात नाही.

मामेभाऊ म्हणतो, "अरे, खेळण्यातल्या चिल्ड्रन बँकेच्या नोटेला फसतो कोण?" २०१७ मध्ये दिल्लीत एका एटीएममधून तशा दोन हजारांच्या नोटा निघाल्या, हे त्याला आठवत नाही. आणि आमची आत्या फसली होती. पंढरपुरात, दिवेलागणीला, चष्मा पिशवीत. सुट्टे म्हणून घेतलेली शंभराची नोट तिने आठवडाभर देवघरात जपून ठेवली.

युरोपचा काटेकोरपणा कधीकधी डोक्यात जातो. मंडळाच्या पत्रकासाठी पट्टी लावायची म्हणजे अतीच. पण पट्टी असली की छापखानेवाल्याला कळतं, चौकीतल्या हवालदारालाही. रिझर्व्ह बँकेने आकाराचा असा एक साधा आकडा ठरवून दिला, तर चेहऱ्याचा वाद खुशाल चालू दे.

गेल्या सुट्टीत लेकीने जत्रेतून नोटांची एक गड्डी आणली. इथल्या खेळातले तिचे युरो अगदीच चिमुकले. परवा दुकान-दुकान खेळताना तिने जत्रेतली पाचशेची एक नोट बाजूला काढली आणि माझ्या पाकिटात ठेवून दिली. म्हणाली, "बाबा, ही खरी आहे, हरवेल."