टेलटेल तिथल्या माणसांनी बुडवली नाही

रविवारी सकाळी भावोजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि दहा मिनिटांत ताईचा फोन आला. "सईचा गेम आर्टचा कोर्स थांबवावा म्हणतायत. तू काहीतरी बोल." सई माझी भाची. हाच मेसेज नंतर मला ऑफिसातल्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवरही आला. म्हणून इथेच लिहिते.

मेसेजचा सारांश असा: टेलटेल ही अमेरिकेतली गेम कंपनी दोन पोरांनी गॅरेजमध्ये सुरू केली. एका गेमने जगभर नाव कमावलं आणि एका रात्रीत बुडाली. कारण लोकांनी गेम विकत न घेता यूट्यूबवर फुकट पाहिले. कर्मचारी भरमसाट पगार घेऊन आरामात बसायचे, कंपनी बंद झाल्यावर सहा-सहा महिन्यांचा पगार घेऊन घरी गेले. तेव्हा पालकांनो, मुलांना या नादाला लावू नका.

गॅरेजचं आधी उरकते. टेलटेल २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन रफाएलला सुरू झाली. सुरू करणारे लुकासआर्ट्स या जुन्या गेम कंपनीतून बाहेर पडलेले अनुभवी लोक होते. तिथे 'सॅम अँड मॅक्स'चा नवा गेम अर्ध्यात रद्द झाला, म्हणून त्यांनी स्वतःचं दुकान मांडलं आणि दोनच वर्षांत, २००६ मध्ये, 'सॅम अँड मॅक्स'चेच नवे गेम भागाभागाने काढून दाखवले. नाव झालं ते २०१२ च्या 'द वॉकिंग डेड' या चालत्या मढ्यांच्या गोष्टीच्या गेममुळे. म्हणजे आठ वर्षं घासल्यावर.

आता पगार आणि आरामाचं. हे वाचून माझं डोकं फिरलं.

२१ सप्टेंबर २०१८, शुक्रवार. त्या दिवशी टेलटेलने सुमारे अडीचशे लोकांना नारळ दिला. हातातलं एक काम संपवायला पंचवीस जण ठेवले. गेलेल्यांना सेव्हरन्स, म्हणजे नोकरी गेल्यावरची भरपाई, म्हणून एक डॉलरही मिळाला नाही. आरोग्य विमा महिनाअखेरपर्यंतच, म्हणजे उरले किती दिवस? नऊ. अमेरिकेत विमा नसताना हॉस्पिटलची पायरी चढणं म्हणजे काय, हे तिकडे नातेवाईक असलेल्या कुणालाही विचारा. एक जण तर आठवडाभर आधीच, देशाच्या दुसऱ्या टोकाहून बिऱ्हाड हलवून रुजू झाला होता. एका कॅरेक्टर आर्टिस्टने त्याच वेळी जाहीरपणे लिहिलं की जागून काढलेल्या रात्री आणि शनिवार-रविवार यांतलं काहीच आज कामी आलं नाही, जादा पैसे मिळणार नसतील तर जादा तास काम करू नका. मोठ्या प्रमाणावर नोकरकपात करायची तर साठ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, असा तिकडे कायदा आहे. ती दिली नाही म्हणून काही दिवसांतच माजी कर्मचाऱ्यांच्या वतीने कोर्टात दावा दाखल झाला. सहा महिन्यांचा पगार खिशात असलेली माणसं सोमवारी वकील शोधत फिरत नाहीत.

आणि आराम? 'द व्हर्ज' या अमेरिकी वेबसाइटने मार्च २०१८ मध्ये, कंपनी बंद व्हायच्या सहा महिने आधी, आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून मोठा वृत्तांत छापला. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. दिवसाला १४ ते १८ तास काम, आठवडेच्या आठवडे सुट्टी नाही. भाग ऐनवेळी पुन्हा लिहायचे, म्हणजे झालेली दृश्यं फेकून नव्याने करायची. एरवी गेम बाहेर पडला की श्वास घ्यायला फुरसत मिळते. इथे एक भाग गेला की पुढचा तयारच, त्यामुळे क्रंच, म्हणजे मुदत गाठायला रात्रंदिवस राबणं, कधी संपायचाच नाही. मी स्वतः नऊ वर्षं अ‍ॅनिमेशनमध्ये काढली आहेत. रात्री दोनला रेंडर लावून खुर्चीतच डोळे मिटायचे आणि सकाळी कळायचं की सीनच कापला. त्याला कुणी आराम म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

यूट्यूबच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. गोष्ट एकदा कळली की असा गेम पुन्हा विकत घेणारे कमीच. विक्री झाली नाही हे तर खुद्द सीईओंनीच बंदच्या निवेदनात कबूल केलं होतं: कौतुक खूप झालं, पण त्याची विक्री झाली नाही. पण यूट्यूब २०१२ मध्येही होतंच. 'वॉकिंग डेड' तेव्हाही लोक पूर्ण खेळून यूट्यूबवर टाकत होते, तरी जानेवारी २०१३ पर्यंत त्याचे ८५ लाख भाग विकले गेले. मग नंतर काय बदललं?

बदललं हे, की टेलटेलवाले त्या एका गेमच्याच नकला काढायला लागले. पहिल्या गेममध्ये ली, म्हणजे आपण खेळतो तो माणूस, ट्रेनमध्ये बसून त्याने सांभाळलेल्या लहानग्या क्लेमेंटाइनचे केस कापतो. मढ्यांच्या हाती लागू नयेत म्हणून. त्या दोन मिनिटांत आपण काय बोलायचं ते निवडतो, आणि कोपऱ्यात ओळ येते की ती हे लक्षात ठेवेल. मी तिथे बटण न दाबता नुसती थांबले होते. तीच ओळ, तेच सेकंद मोजणारे पर्याय पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स'ला लावले, 'माइनक्राफ्ट'ला लावले, 'बॅटमॅन'ला लावले. २०१७ या एका वर्षात चार वेगवेगळ्या मालिकांचे भाग बाजारात. जवळपास सगळ्या कथा दुसऱ्यांच्या मालकीच्या, आणि इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, जुनं. यातला एकही निर्णय कॅरेक्टर आर्टिस्टने घेतलेला नव्हता.

"एका रात्रीत" हेही खोटं. नोव्हेंबर २०१७ मध्येच ९० जणांना, म्हणजे चौथाई लोकांना, काढलं होतं. पुढचं वर्ष नवा पैसा उभा करण्यात गेलं, आणि शेवटच्या गुंतवणूकदाराने ऐनवेळी हात वर केले.

सगळ्यांना काढल्यावर चार दिवसांनी, २५ सप्टेंबर २०१८ ला, 'वॉकिंग डेड'च्या शेवटच्या सीझनचा दुसरा भाग ठरल्याप्रमाणे बाजारात आला. तो बनवणारे तेव्हा घरी बसून अर्ज भरत होते. उरलेले दोन भाग स्कायबाउंड या दुसऱ्या कंपनीने त्यांच्यातल्याच काही जणांना परत घेऊन पुरे केले, आणि क्लेमेंटाइनची गोष्ट मार्च २०१९ मध्ये संपली.

भावोजी, सईच्या फीचा दुसरा हप्ता पंधरा तारखेला आहे. भरायचा की नाही यावर बोलायला मी शनिवारी येते. काळजी तुम्हाला आहे तशी मलाही आहे, तिला ऑफर लेटर कसं वाचायचं आणि जादा तासांचं काय विचारायचं ते मीच शिकवणार आहे. तेवढा तो मेसेज ग्रुपवरून काढा, तिने अजून पाहिलेला नाही.